पट्टा तेवढा आमचा

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी दार वाजवलं आणि फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "तुझी बोटं अजून ऐकतात, माझी नाही," म्हणाल्या. एडिंबरातल्या जुन्या दगडी इमारतींत एकेका जिन्यावर आठ-दहा बिऱ्हाडं असतात आणि शेजाऱ्यांबद्दल बोलताना लोक 'आमच्या जिन्यातले' असंच म्हणतात. आमच्या जिन्यात आम्ही दोघी समोरासमोर राहतो. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीत तशी आहे. पण त्यांच्याबद्दल मराठीत विचार करताना 'आजी' हाच शब्द येतो, तो इथेही राहू दे. नातवाचं लग्न होतं. फलालीन उलगडलं तर आत आजोबांची स्कीअन डू निघाली, किल्टबरोबर, म्हणजे इथल्या पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्याबरोबर, मोज्यात खोचायची ती छोटी सुरी. चामड्याच्या म्यानाच्या तोंडाशी चांदीचं कडं होतं, आणि ती चांदी इतकी काळवंडलेली की तिच्यावर काय कोरलंय ते दिसतच नव्हतं.

त्यांच्याच स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी घासायला लागले. पॉलिशच्या डबीतल्या गुलाबी लगद्याला झोंबरा वास होता. गौरी-गणपतीच्या आधी आई दातांच्या पांढऱ्या पावडरीने निरांजन आणि अत्तरदाणी घासायला बसायची, तेव्हाचा तो थंड, पुदिन्यासारखा वास मला उगाचच मधे मधे येत राहिला. आधी फडकं काळं होतं, मग करडं, आणि मग चांदी एकाएकी डोळे उघडते. पहिल्यांदा एक वर्तुळ दिसलं. ते वर्तुळ म्हणजे कमरेचा पट्टा आहे हे बक्कल दिसल्यावर कळलं. पट्ट्याची भोकं, बकलातून ओवून खाली लोंबणारं टोक, सगळं नखाएवढ्या जागेत. पट्ट्यावर बारीक अक्षरं, आणि पट्ट्याच्या आत खडकावर बसलेला एक पक्षी. जाड चोच, जड मान. डोमकावळा. "ही तुमच्या घराण्याची मुद्रा का?" मी विचारलं. आजी किटलीत पाणी भरत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "नाही गं. पक्षी चीफचा, कुळाच्या प्रमुखाचा. पट्टा तेवढा आमचा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

सुरी हातात घेऊन मी बराच वेळ बसले त्या संध्याकाळी. पातं जेमतेम चार-पाच बोटांचं. मूठ काळी, दलदलीतल्या ओकची. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या मातीच्या थराखाली हजारो वर्षं बुडून राहिलेलं ओकचं लाकूड असं कोळशासारखं काळं होतं आणि हाताला मात्र गार, गुळगुळीत लागतं. मुठीवर सुपाच्या विणीसारखं कोरीव काम, विणीच्या प्रत्येक गाठीत चांदीचा एक टिंब. वरच्या टोकाला केर्नगॉर्म डोंगरातला धुरकट स्फटिक, काकवीच्या रंगाचा. दिव्यासमोर धरला की काकवीसारखाच आतून तांबूस पेटतो. चांदीच्या आतल्या बाजूला तीन बुरुजांच्या किल्ल्याचा इवलासा ठसा, म्हणजे चांदी एडिंबरातच पारखलेली. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत स्कीअन म्हणजे सुरी आणि डू म्हणजे काळी. मूठ काळी म्हणून काळी, असं काहीजण सांगतात. लपवलेली म्हणून काळी, असं बाकीचे. जुन्या काळी काखेत लपवलेली सुरी असायची, आणि मित्राच्या घरात पाऊल टाकताना ती बाहेर काढून मोज्यात, सगळ्यांना दिसेल अशी खोचायची, अशी कथा इथे प्रत्येकजण सांगतो. मला ती कथा फार आवडते. यजमानाला आपलं गुपित दाखवून मगच आत यायचं, ही कल्पना कोणाला तरी सुचली यातच माणसाची मोठी समजूत आहे असं मला वाटतं.

पण पट्ट्याचं काय ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून 'फॅमिली क्रेस्ट' हा शब्द मी दुकानांच्या पाट्यांवर वाचत आले होते आणि तो खराच मानत आले होते. स्कॉटलंडच्या कायद्यात कुटुंबाची मुद्रा अशी गोष्टच नाही. मुद्रा एका माणसाची असते, त्याच्या नावावर नोंदलेली. ती नोंद ठेवणारा अधिकारी म्हणजे लॉर्ड लायन. त्याची वही 1672 च्या कायद्याने सुरू झाली ती आजही चालू आहे, त्याचं स्वतःचं न्यायालय आहे आणि दुसऱ्याची मुद्रा आपली म्हणून मिरवणाऱ्यावर खटला भरायला स्वतःचा सरकारी वकीलही. कुळाचा चीफ आपली मुद्रा साध्या वर्तुळात घालतो, मागे गरुडाची तीन पिसं लावतो. कुळातल्या बाकी सगळ्यांनी तीच मुद्रा वापरायची ती पट्टा आणि बक्कल यांच्या आत. त्या पट्ट्याचा अर्थ एवढाच, की हे चिन्ह माझं नाही, ज्याचं आहे त्याचा मी आहे. माझ्या माहेरी प्रत्येक पातेल्यावर, ताटावर, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरही आजोबांचं नाव घातलेलं आहे. लग्नकार्यात भांडी गावभर फिरायची आणि नावामुळे घरी परत यायची. वस्तूवर नाव म्हणजे मालकी, हे मी त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून शिकले. इथे वस्तूवरची खूण मालकी नाकारत होती आणि तरी आजोबांनी ती आयुष्यभर पोटरीला लावून मिरवली.

रॉयल माइलवरच्या दुकानांत अशा सुऱ्या काचेखाली ओळीने मांडलेल्या असतात. मुठी बहुतेक राळेच्या, खडे काचेचे, आणि मुठीवर तुम्ही सांगाल त्या कुळाचा बिल्ला. कॅम्बेलांचं रानडुकराचं मुंडकं आणि 'विसरू नकोस'. मॅकेन्झींचा पेटलेला डोंगर, 'उजळतो, जळत नाही'. मॅक्लाउडांचा बैल, 'घट्ट धर'. मॅकिंटॉशांचं मांजर, हातमोज्याशिवाय ज्याला हात लावायचा नाही ते. भिंतीवर आडनावांची यादी असते, तुमचं आडनाव कुठल्या कुळाच्या पंखाखाली येतं ते सांगणारी. मॅकग्रेगरांखाली असंबद्ध वाटणाऱ्या आडनावांची रांग लागते, कारण 1603 मध्ये राजाने ते नावच बेकायदा ठरवलं होतं. मॅकग्रेगर म्हणवून घेणं गुन्हा होता. लोकांनी मिळेल ते आडनाव पांघरलं, आणि बंदी कायमची उठली ती 1774 मध्ये. तोवर कित्येकांची पांघरलेली आडनावं अंगाला चिकटून बसली होती. ही यादी कळेपर्यंत मी त्या दुकानांवरून नाक मुरडून जात होते, हे मान्य करायला हवं. एका पावसाळी दुपारी आडोशाला म्हणून आत शिरले तेव्हा साठीचे एक गृहस्थ यादीवर बोट फिरवत होते. ओल्या जाकिटातून पाणी ठिबकत होतं. बोट थांबलं. त्यांनी बायकोला हाक मारली नाही, फोटो काढला नाही, बोट तिथेच ठेवून नुसते उभे राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, आम्ही ऑन्टारिओचे. तो आवाज ऐकल्यापासून काचेचे खडे मला तेवढे खोटे वाटत नाहीत.

आणि तरीही, हे सगळं फार जुनं नाही. 1746 मध्ये कलोडनच्या माळावर हायलँडरांचा, उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा पराभव झाला, त्यानंतर त्यांची शस्त्रं काढून घेतली, किल्ट आणि टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, पुरुषांना घालायला बंदी आली. ती उठली 1782 मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ दोन पिढ्या गेल्या. आजच्या लग्नात दिसतो तो सगळा साज त्यानंतरचा, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं 1822 च्या ऑगस्टमध्ये, चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा. पोशाखावर तेराशेहून जास्त पौंड खर्चून राजा किल्ट घालून उभा राहिला आणि ज्या कपड्यासाठी त्याच्या पणजोबांच्या राज्यात लोक तुरुंगात जात होते तो कपडा दरबारी झाला. सुरीही तशीच बदलली. जी लपवायची होती तिच्यावर चांदी चढली. मला हे कळलं तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. काढून घेतलेली गोष्ट परत मिळाल्यावर माणसं ती नटवणारच.

लग्नानंतर महिन्याभराने मी माउंडवरच्या राष्ट्रीय कलादालनात गेले, मुद्दाम एका चित्रासाठी. हेन्री रेबर्नने 1812 च्या सुमारास रंगवलेलं ग्लेनगॅरीच्या चीफचं, कर्नल अलस्टर रॅनल्डसन मॅक्डोनेलचं चित्र. जवळजवळ आठ फूट उंच. दालनात पाऊल टाकलं की तो माणूस खोलीचा मालक असल्यासारखा समोर उभा असतो. अंगभर टार्टन, हातात बंदूक, मागच्या भिंतीवर ढाली-तलवारी, कमरेला डर्क, म्हणजे लांब खंजीर. आणि उजव्या मोज्याच्या काठाशी, नीट वाकून पाहिलं तर, एकात एक बसवल्यासारख्या दोन छोट्या मुठी. स्कीअन डू मोज्यात खोचलेली दाखवणारं हे अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी एक. खडकावरचा डोमकावळा ही या माणसाची मुद्रा. आजोबांच्या म्यानावरचा पक्षी ज्याचा, तो हा. चेहरा देखणा आहे, नजर बाजूला वळलेली. रेबर्नने प्रकाश असा टाकलाय की माणूस स्वतःच्याच दंतकथेत उभा असल्यासारखा दिसतो.

त्याच्याबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता मन खट्टू होत गेलं. हा माणूस हायलँडची रीत जपायला मंडळं काढत होता, हत्यारबंद सेवकांचा ताफा घेऊन जुन्या चीफच्या थाटात हिंडत होता, आणि त्याच वेळी मेंढ्या आणि लाकूड यांच्या उत्पन्नासाठी स्वतःच्या कुळातली माणसं जमिनीवरून हलवत होता. सुरुवात त्याच्या आईवडिलांच्याच काळात झालेली. 1786 मध्ये पाचशेच्या आसपास माणसं एका जहाजातून कॅनडाला गेली. पुढेही जात राहिली. आज ऑन्टारिओत ग्लेनगॅरी नावाचा आख्खा परगणा आहे आणि मूळ ग्लेनगॅरीत शांतता आहे. 1828 च्या जानेवारीत त्याची आगबोट किनाऱ्याला लागली, उडी मारून उतरताना डोक्याला मार बसला आणि तो गेला. मागे कर्जाचा डोंगर. मुलाने जमीन विकली. म्हणजे पट्टा बांधलेली माणसं गेली, आणि ज्याचा पट्टा बांधला त्याच्या घरातही काही उरलं नाही.

मी आजींना सांगितलं, चित्र पाहून आले. त्या बटाटे सोलत होत्या. "हो, देखणा होता म्हणतात," त्या म्हणाल्या. मग सुरी थांबवून, "त्यानेच आमच्यांना काढलं." आजोबांचे पूर्वज बोटीत बसले नाहीत, कालव्याच्या खोदकामावर गेले. कॅलेडोनियन कालवा ग्लेनगॅरीच्या जमिनीतूनच जातो. 1803 ते 1822 असा एकोणीस वर्षं तो खणला जात होता, आणि जमिनीवरून उठवलेल्या कित्येकांनी तीच जमीन मजुरीवर खणली. तिथून पुढे गोदीच्या कामावर लीथला, एडिंबराच्या बंदरावर. "मग तरी त्याचाच पक्षी?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडा राग होता, आणि तो त्यांच्यापेक्षा मला जास्त आला होता हे मला तेव्हाच जाणवलं. आजींनी उत्तर दिलं नाही. उरलेला बटाटा सोलून पातेल्यात टाकला आणि म्हणाल्या, "जाऊन बघ एकदा. खडक आहे अजून."

जूनमध्ये गेले. इन्व्हरनेसकडून येणारी बस लॉख ऑइख या सरोवराच्या काठाकाठाने जाते. काठावर एक विहीर आहे, सात मुंडक्यांची विहीर म्हणून ओळखली जाणारी. सतराव्या शतकात केपॉख नावाच्या शाखेच्या तरुण चीफचा खून झाला, त्याचा सूड म्हणून सात जणांची मुंडकी छाटली आणि ग्लेनगॅरीच्या चीफपुढे ठेवण्याआधी या पाण्यात धुतली, अशी हकिकत. तिथला दगडी स्तंभ त्याच रॅनल्डसनने 1812 मध्ये उभारला. वर दगडात सात चेहरे, त्यांच्यावर खंजीर धरलेला हात, आणि खाली चार भाषांत मजकूर: इंग्रजी, गेलिक, फ्रेंच, लॅटिन. पायऱ्या उतरून खाली झऱ्यापाशी गेलं की बर्फासारखं पाणी आणि शेवाळाचा वास. मी हात धुतले नाहीत. एकाच सुमाराला चित्रही काढून घेतलं आणि खंजिराचा हा स्तंभही उभा केला. पट्ट्याच्या बाजूने पाहिलं तर त्या वर्षांत माणसं कुठे होती, असा विचार पाण्याकडे बघताना येत राहिला.

पुढे झाडीत खडक आहे. खडकावर इन्व्हरगॅरीच्या गढीच्या भिंती, छप्पर नसलेल्या, 1746 मध्ये सैन्याने जाळल्या त्या. पडझडीमुळे भोवती कुंपण आहे, आत जाता येत नाही. पाऊस नुकताच थांबला होता, चिलटं चावत होती, खाली लॉखचं पाणी शिशासारखं. तिथल्या माहितीफलकावर त्या खडकाचं नाव वाचलं आणि मी फोन काढून त्या संध्याकाळी घेतलेला सुरीचा फोटो मोठा करून पाहिला. पट्ट्यावरची अक्षरं मी तेव्हा नक्षीसारखी घासून पुढे गेले होते. क्रेगन अन ईइख. डोमकावळ्याचा खडक. बाकी कुळांची ब्रीदं शौर्य सांगतात, निष्ठा सांगतात, धमकी देतात. या ब्रीदात एका जागेचं नाव आहे, बस. आणि ब्रीद लिहितात पट्ट्यावर. जो पट्टा तेवढा आमचा, असं आजी म्हणाल्या होत्या, त्यावर त्यांच्या माणसांचा पत्ता लिहिलेला होता.

मी कितीतरी वेळ कुंपणाला धरून उभी होते.

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. त्याआधी कोकणातलं एक गाव आहे, जे माझ्या पणजोबांनी सोडलं. मी तिथे एकदाच गेले आहे, बारा वर्षांची असताना. बाबा एका जोत्यापाशी थांबले, 'हे आपलं घर' म्हणाले. जोत्यावर रानवेल चढली होती, पाठीमागच्या विहिरीत करंजाची पानं तरंगत होती. जमिनीचं काय झालं, खोताशी काय वाद झाला, कोण कोणाला काय म्हणालं, याच्या तीन वेगवेगळ्या कथा घरात आहेत आणि तिन्ही सांगताना आवाज खाली येतो. तरी ते गाव मी रोज सही करताना लिहिते. बँकेत, दवाखान्यात, इथल्या कचेऱ्यांत एकेक अक्षर सुटं करून सांगते. ज्याने उठवलं त्याचं नाव त्यात नाही. आजींनी मला खडक बघायला का पाठवलं असेल हे परतीच्या बसमध्ये कळत होतं आणि डोळे भरून येत होते. आपल्याकडे कावळा म्हणजे पितर. पिंडाशी तो यावा म्हणून आपण काय काय कबूल करतो त्याला. खडकावर खरे डोमकावळे त्या दिवशी दिसले नाहीत, एक घोगरा आवाज तेवढा झाडीच्या मागून आला.

त्या आदल्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. नातू सुरी न्यायला ग्लासगोहून आला, तेव्हा आजींनी ती एकदम दिली नाही. सुरी भेट दिली तर नातं तुटतं, म्हणून घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं. मग तो सौदा होतो. नातवाने खिसे चाचपले. आता कोण नाणी बाळगतं? शेवटी माझ्या पर्सच्या तळातून एक रुपया निघाला, कधीतरी मुंबईच्या विमानतळावर उरलेला. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ओट्यावरच्या बशीत ठेवला. "चालेल," म्हणाल्या. मला माझ्या भावाचं लग्न आठवलं. हळद लागल्यावर त्याच्या हातात कट्यार दिली होती, टोकाला लिंबू खोचलेली. ती आमची नव्हती, वरच्या आळीतल्या काकांकडून आणलेली. त्या आळीतल्या कित्येक नवरदेवांच्या हातात तीच गेली होती. धार कधीची गेलेली. पण ती हातात आल्यावर भाऊ एकदम ताठ चालायला लागला होता, हे मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी लग्नात मी मुद्दाम नातवाच्या पायाकडे बघत होते. काळी मूठ, काकवीचा खडा, मोज्याच्या काठावर दोन बोटं एवढंच दिसत होतं. म्यान आत, त्याचं चांदीचं कडंही आत. मी तासभर घासून उजळवलेला पक्षी आणि पट्टा पोटरीला टेकून, लोकरीखाली होते. दिडशे माणसांत ते तिथे आहेत हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. रात्री 'केली' नावाचा इथला सामूहिक नाच सुरू झाला. ॲकॉर्डियन, फिडल, लाकडी फरशीवर बुटांचा गडगडाट, घामाने आणि हसण्याने लाल झालेले चेहरे. एका नाचानंतर तो धापा टाकत आजींच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. मोजा घसरला होता. त्याने वाकून तो वर ओढला, सुरी चाचपली.

"आहे ना?" आजींनी विचारलं.

"आहे," तो म्हणाला आणि पुन्हा नाचायला गेला.